चंद्राच्या कक्षेतले आकडे: किती ते नंतर, कुठून ते आधी

प्रश्न थोडक्यात असा आहे. सेलूचा, बी.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाचा एक विद्यार्थी लिहितो: ऑर्बिटर हा मोफत सिम्युलेटर उतरवून घेतला आणि चंद्रावर १०० किलोमीटरवरून फिरणाऱ्या डेल्टा-ग्लायडर यानापासून सुरुवात केली. पडद्यावर वीसेक आकडे दिसतात. थोडं ब्रेक लावल्यावर कक्षेच्या जवळच्या बिंदूचा (जिथे यान चंद्राच्या सर्वांत जवळ येतं त्याचा) आकडा १.८३८एम वरून १.७२९एम वर आला. फार फरक वाटला नाही, तरी यान आपटलं. सगळे आकडे पाठ करावे लागतात का? आधी गणित शिकायला हवं का? लॅपटॉपला नमपॅड (कीबोर्डच्या उजवीकडचा आकड्यांच्या कळांचा गट) नाही, चालेल का?

तुमचं यान आपटलं, त्याच्या पाऊण तास आधीच पडद्याने ते सांगून टाकलं होतं. त्या आकड्यातला 'एम' म्हणजे दहा लाख मीटर. म्हणजे तुमचा जवळचा बिंदू होता १,७२९ किलोमीटरवर. चंद्राची सरासरी त्रिज्या १,७३७.४ किलोमीटर आहे. तो आकडा जमिनीपासूनचा नव्हताच, चंद्राच्या केंद्रापासूनचा होता. तुमच्या कक्षेचा तळ जमिनीखाली आठ किलोमीटरवर होता आणि यान इमानदारीने तिकडे निघालं होतं.

त्यामुळे अडचण वीस आकड्यांची आहे असं मला वाटत नाही. तुम्ही नेमका महत्त्वाचा आकडा पाहिला आणि बरोबर वाचला. तो कुठून मोजलाय एवढंच विचारलं नाही. आपल्याकडे विहिरीवर गेल्यावर कुणी "वीस फूट" म्हणालं, तर आपण लगेच विचारतो, कठड्यापासून पाणी वीस फूट खाली की तळापासून पाणी वीस फूट उभं? एकात उन्हाळ्याची चिंता, दुसऱ्यात मजा. तोच प्रश्न पडद्याला विचारायचा राहिला.

माझ्याबद्दल थोडं सांगतो, म्हणजे मी हे कुठून बोलतोय ते कळेल. मी लातूरला डिप्लोमाच्या मुलांना इन्स्ट्रुमेंटेशन शिकवतो. त्याआधी आठ गाळप हंगाम एका साखर कारखान्यात मीटर लावणं, काढणं, दुरुस्त करणं हेच काम केलं. ऑर्बिटर २००९ पासून खेळतोय. कारखान्यात नवा असताना पॅनच्या (ज्या बंद भांड्यात पाक आटवून साखर करतात त्याच्या) व्हॅक्यूमला नवीन मीटर बसवला होता. जुन्या डायलवर आकडा वाढला की व्हॅक्यूम चांगलं, कारण तो बाहेरच्या हवेच्या दाबापासून खाली मोजायचा. नवा मीटर शून्य दाबापासून वर मोजायचा, म्हणजे आकडा कमी झाला की व्हॅक्यूम चांगलं. रात्रपाळीत मी नव्या मीटरकडे बघून पॅनमनला ओरडून सांगितलं, "व्हॅक्यूम पडतंय!" तो म्हातारा पॅनमन जागचा हलला नाही. काचेतून साखर बघितली आणि म्हणाला, "मास्तर, मीटर उलटा हाय का तुम्ही?" दोन्ही मीटर बरोबर होते.

आता तुमच्या पडद्याकडे येऊ. मी सांगतोय ते ऑर्बिटरमधल्या नेहमीच्या कक्षेच्या पडद्याबद्दल, म्हणजे ऑर्बिट एमएफडीबद्दल. दुसरा सिम्युलेटर असेल किंवा ऑर्बिटरमध्ये अपोलोचं यान घालून उडवत असाल, तर नावं आणि बटणं बदलतील. अपोलोच्या संगणकावर तर पाच-पाच अंकांच्या तीनच ओळी होत्या आणि अंतर सागरी मैलांत यायचं. व्हर्ब ८२ ही आज्ञा दाबली की कक्षेचा दूरचा बिंदू, जवळचा बिंदू आणि एक वेळ, असे तीन आकडे समोर. चंद्रावर माणसं नेणाऱ्यांना कक्षेच्या रोजच्या चौकशीसाठी तेवढे पुरत होते. तुम्हालाही सुरुवातीला तेवढेच पुरतील.

पहिलं काम: त्या पडद्याच्या कडेला डीएसटी असं बटण आहे ते दाबा. पीईडी आणि एपीडी (जवळच्या आणि दूरच्या बिंदूचं केंद्रापासूनचं अंतर) जाऊन पीईए आणि एपीए (त्याच बिंदूंची जमिनीपासूनची उंची) येतील. आता आकडे जमिनीपासूनचे झाले. हे तुम्ही त्या दिवशी केलं असतं तर १.७२९एमच्या जागी उणे आठ हजारांच्या घरातला आकडा दिसला असता, आणि उणे चिन्ह बघून कुणीही दचकतं. केंद्रापासूनचा आकडा निरुपयोगी नाही, हिशोब करायला तोच लागतो. पण त्यात चंद्राचे १,७३७ किलोमीटर आधीच भरलेले असतात, त्यामुळे जगण्या-मरण्याचा फरक तिसऱ्या दशांश स्थळावर जाऊन बसतो.

'कुठून' हा प्रश्न एवढ्यावर संपत नाही. 'जमिनीपासून' म्हणजे कोणत्या जमिनीपासून? कक्षेचा पडदा चंद्राला गुळगुळीत चेंडू धरतो. खऱ्या चंद्रावर त्या सरासरी पातळीपेक्षा सर्वांत उंच जागा जवळपास पावणे अकरा किलोमीटर वर आहे आणि सर्वांत खोल जागा नऊ किलोमीटर खाली. ऑर्बिटरच्या २०१६ च्या आवृत्तीपासून डोंगरदऱ्या खऱ्यासारख्या आहेत. तिथे पीईए ८ किलोमीटर आहे म्हणून निवांत बसलात तर एखादा डोंगर वाटेत उभा असू शकतो. म्हणून मी सरावात १५ किलोमीटरच्या खाली जात नाही. अपोलोची चांद्रयानंसुद्धा सुमारे ५०,००० फुटांवरून, म्हणजे साधारण १५ किलोमीटरवरूनच शेवटचा उतार सुरू करायची.

पुढचा 'कुठून': कोणाभोवती? पडद्याच्या वरच्या बाजूला ज्या गोलाचं नाव असतं, सगळे आकडे त्याच्या हिशोबाने असतात. पृथ्वीवरून चंद्राकडे येताना नाव पृथ्वीचंच राहिलं, तर चंद्राजवळ पोहोचल्यावर लंबवर्तुळ डोळ्यांदेखत वेडंवाकडं होत जातं. मुलांना वाटतं सिम्युलेटर बिघडला. खरं तर चंद्र यानाला ओढत असतो आणि पडदा अजून पृथ्वीचं गाणं गात असतो. खाली 'जी' नावाचा एक आकडा असतो, यानावर असलेल्या एकूण ओढीत त्या गोलाचा वाटा किती ते तो सांगतो. तो १ च्या जवळ असेल तर बाकीच्या आकड्यांवर विसंबा. घसरला असेल तर रेफ बटण दाबून चंद्र निवडा.

आणखी एक 'कुठून' आहे, तो चंद्राभोवती लपून राहतो: कोन कोणत्या पातळीपासून मोजलाय. कक्षेचा कल क्रांतिवृत्तापासून (पृथ्वीच्या सूर्याभोवतीच्या कक्षेच्या पातळीपासून) धरलाय की विषुववृत्तापासून, हे एफआरएम बटण ठरवतं. चंद्राचं विषुववृत्त क्रांतिवृत्ताशी फक्त दीड अंशाने कललेलं असल्यामुळे इथे चूक झाली तरी जाणवत नाही. हीच सवय घेऊन पृथ्वीभोवती गेलात की साडेतेवीस अंशांचा गोंधळ होतो. म्हणून सवय इथेच लावून घ्या.

आता आकाराकडे येऊ, कारण पडदा वाचणं म्हणजे मुख्यतः आकार वाचणं. गाडीचा काटा 'आत्ता किती' सांगतो. कक्षेचा पडदा 'इंजिन बंद ठेवलं तर पलीकडे काय होणार' हे सांगतो. सगळ्यात मोठा बदल मनात हाच करावा लागतो. यासाठी चांद्रयान-३ इतकं चांगलं उदाहरण मला दुसरं सापडलेलं नाही. इस्रोने वेळोवेळी जाहीर केलेल्या कक्षा वहीत एकाखाली एक लिहा, सगळ्या जमिनीपासूनच्या आहेत. ५ ऑगस्ट २०२३ ला यान चंद्राच्या कक्षेत शिरलं तेव्हा १६४ बाय १८,०७४ किलोमीटर. ६ तारखेला १७० बाय ४,३१३. ९ तारखेला १७४ बाय १,४३७. १४ तारखेला १५० बाय १७७. १६ तारखेला १५३ बाय १६३.

पहिल्या तीन ओळी नीट बघा. डावा आकडा जवळपास जागचा हलत नाही आणि उजवा कोसळत येतो. कारण ब्रेक जवळच्या बिंदूपाशी लावला होता. ज्या जागी इंजिन चालवाल तिथली उंची तशीच राहते, बदल उमटतो तो बरोबर समोरच्या बाजूला, अर्ध्या फेरीवर. हे एकदा डोक्यात बसलं की निम्मा पडदा वाचता येतो. दूरचा बिंदू खाली आणायचाय? जवळच्या बिंदूपर्यंत थांबा. जवळचा बिंदू खाली आणायचाय? दूरच्या बिंदूपर्यंत थांबा. चित्रात भरीव ठिपका म्हणजे जवळचा, पोकळ म्हणजे दूरचा. पीईटी आणि एपीटी हे दोन आकडे तिथे पोहोचायला किती सेकंद उरलेत ते सांगतात.

ईसीसी म्हणजे कक्षा किती लांबट आहे ते. चांद्रयान-३ च्या त्या पहिल्या कक्षेचा हा आकडा सुमारे ०.८२ येतो. २० ऑगस्टला लँडर २५ बाय १३४ किलोमीटरच्या कक्षेत होता, तिचा ०.०३. आकडा १ च्या वर असेल तर तुम्ही चंद्राचे झालेलाच नाहीत, पाहुणे आहात, ब्रेक लावला नाही तर निघून जाल. चंद्राकडे येताना तो १ च्या वर असणारच, घाबरू नका. जवळच्या बिंदूपाशी उलट दिशेने इंजिन लावा आणि तो १ च्या खाली उतरताना बघा. मला तर आजही तेवढा एक आकडा उतरताना बघायला आवडतं.

तुमचं यान खाली न्यायला किती ब्रेक पुरला असेल, याचा मी हिशोब केला. १०० किलोमीटरवर वर्तुळात फिरताना वेग सेकंदाला १,६३३ मीटर असतो. तुम्ही त्यातून जेमतेम २५ कमी केले. सेकंदाला २५ मीटर म्हणजे ताशी ९० किलोमीटर. समृद्धी महामार्गावर जालन्याजवळ याहून जोरात गाड्या जातात. एवढ्याशा फरकाने पलीकडची बाजू १०८ किलोमीटर खाली गेली. या उंचीला ढोबळ माप असं धरा: सेकंदाला १ मीटर वेग बदलला की समोरची बाजू साधारण साडेचार किलोमीटर वर-खाली होते. डेल्टा-ग्लायडरचं मुख्य इंजिन पूर्ण दाबलंत तर २५ मीटर एक-दोन सेकंदांत उडून जातात. म्हणून असे बारीक ब्रेक छोट्या थ्रस्टरने (यानाला हलकेच ढकलणाऱ्या लहान इंजिनाने) किंवा अगदी कमी थ्रॉटलने लावायचे, आणि नजर खिडकीबाहेर न ठेवता पीईएवर ठेवायची.

इथवरचं एवढंच ध्यानात ठेवा: आधी वरचं नाव, मग डीएसटी, मग जवळचा-दूरचा आकडा, मग तिथे पोहोचायला उरलेला वेळ. बाकीच्या ओळी सध्या झाकून ठेवा.

एका सापळ्याबद्दल मात्र सांगायलाच हवं, मुलं त्यात हमखास अडकतात. कक्षा जवळपास गोल झाली की भरीव ठिपका वेड्यासारखा पळायला लागतो. जरा थ्रस्टर लागला की इकडून तिकडे. पीईटी एकदम बदलतो, कोन बदलतात. मुलं त्याच्यामागे धावतात आणि इंधन संपवतात. गोल भाकरीचा लांबट भाग कोणता, हे विचारण्यासारखंच आहे ते. ईसीसी ०.०१ च्या खाली असेल तर त्या ठिपक्याला अर्थ नाही, त्याला पळू द्या. मीटर थरथरतोय म्हणून व्हॉल्व फिरवत बसू नये, हे मी कारखान्यात शिकलो होतो.

तुम्ही विचारलेलं नाही, पण लवकरच दुसऱ्या यानाला गाठायला जाल, म्हणून हेही सांगून ठेवतो. पुढचं यान थोडं लांब आहे म्हणून पुढच्या दिशेने जोर दिलात, तर तुम्ही मागे पडाल. जोर दिला की समोरची बाजू उंच होते, फेरी लांबते. १०० किलोमीटरच्या कक्षेत एक फेरी सुमारे ११८ मिनिटांची. सेकंदाला फक्त १ मीटर वेग वाढवला तर फेरी १३ सेकंदांनी वाढते, आणि परत त्याच जागी याल तेव्हा तुम्ही २१ किलोमीटर मागे असाल. बॉयलरच्या ड्रममध्ये असाच चकवा असतो. टर्बाइनने अचानक जास्त वाफ ओढली की ड्रममधला दाब पडतो, पाण्यातले बुडबुडे फुगतात आणि लेव्हल वर गेलेली दिसते. प्रत्यक्षात पाणी कमी होत असतं. नवा माणूस पाणी बंद करतो, जुना थांबतो. तुम्हीही पहिली काही मिनिटं पडदा काय म्हणतो त्यावर न जाता पुढच्या फेरीत काय होणार ते बघा.

कक्षेचा कल बदलण्याबद्दल जास्त लिहीत नाही. तो महाग असतो एवढं कळलं तरी पुरे. चंद्राभोवती १० अंश वळायला सेकंदाला सुमारे २८५ मीटर खर्च होतात, तुमच्या त्या २५ मीटरशी तुलना करून बघा. उतरायची जागा कक्षेच्या पातळीत आहे की नाही हे म्हणूनच आधी बघायचं. ध्रुवांवरून जाणाऱ्या कक्षेत असाल तर खाली चंद्र फिरत राहतो, आणि प्रत्येक फेरीला जागा साधारण एक अंशाने, विषुववृत्तावर म्हटलं तर तीसेक किलोमीटरने बाजूला सरकते.

उतरताना कक्षेचा पडदा कामाचा राहत नाही, सरफेस नावाचा दुसरा पडदा लावा. तिथे तीन आकडे बघायचे: जमिनीपासूनची उंची, उभा वेग, आडवा वेग. २३ ऑगस्ट २०२३ च्या संध्याकाळी आम्ही वर्गात प्रोजेक्टर लावून चांद्रयान-३ चं उतरणं बघितलं तेव्हा मुलांना हेच सांगितलं होतं, चित्राकडे बघू नका, या आकड्यांकडे बघा. सुरुवातीला सुमारे ३० किलोमीटर उंचीवर आडवा वेग सेकंदाला १.६८ किलोमीटर होता. म्हणजे उतरणं हे आधी आडवा वेग मारणं असतं, खाली येणं त्यानंतर. उभ्या वेगासाठी एक हिशोब वहीत लिहून ठेवा: थांबायला लागणारं अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं. चंद्राची ओढ वजा करून तुमचं इंजिन सेकंदाला २ मीटरने वेग मारू शकत असेल, तर ६० मीटर वेगाला ९०० मीटर उंची हवी. १२० ला १,८०० पुरत नाहीत, ३,६०० लागतात.

गणिताचं विचारलंत. आधी शिकून मग खेळायला बसाल तर बसणारच नाही, हे मी बघितलेलं आहे. उलट करा. वहीत चार रकाने आखा: आत्ताचा पीईए आणि एपीए, मी काय दाबणार, माझा अंदाज, खरं काय झालं. पहिल्या दिवशी काहीच दाबू नका. वेळ दहापट करून एक पूर्ण फेरी नुसती बघा, बारा मिनिटांत होते. कोणते आकडे बदलतात, कोणते ढिम्म राहतात, ते लिहा. दुसऱ्या दिवशी सेकंदाला २० मीटरचा ब्रेक लावून १०० वरून १५ किलोमीटरवर जवळचा बिंदू आणा, आणि तिथे पोहोचल्यावर परत वर घ्या. तिसऱ्या रकान्यात अंदाज लिहिल्याशिवाय कळ दाबायची नाही, ही एकच अट. अंदाज आणि खरं यांत जिथे मोठी तफावत येईल, तिथलं गणित त्या दिवशी शिका. भूक लागल्यावर शिकलेलं सूत्र विसरत नाही. बी.एस्सी.ला केप्लरचे नियम असतीलच, तेवढ्यात यातलं बहुतेक सुटतं.

अंदाज आणि पडदा यांत थोडासा फरक मात्र राहू द्या. खरा चंद्र आतून एकसारखा नाही, काही ठिकाणी जड वस्तुमान दडलेलं आहे. अपोलो-१६ ने १९७२ मध्ये सोडलेला छोटा उपग्रह त्या असमान ओढीमुळे ३५ दिवसांत चंद्रावर पडला. तुमच्या सिम्युलेटरमध्ये ही ओढ किती धरली आहे ते सेटिंगवर अवलंबून आहे. सुरुवातीला ती बंदच ठेवा, नाहीतर आपली चूक कोणती आणि चंद्राची कोणती हे उमगत नाही.

नमपॅडचं: त्याच्याशिवाय चालतं, पण हात फार अवघडतो, कारण यान फिरवणं आणि इंजिन दोन्ही तिकडेच असतं. कळांची जोडणी ठरवणारी एक फाईल ऑर्बिटरच्या फोल्डरमध्ये असते, ती बदलता येते. त्यापेक्षा यूएसबीचा सुटा नमपॅड घ्या, कॉम्प्युटरच्या कुठल्याही दुकानात मिळतो. आणि ब्रेक लावायच्या आधी दर वेळी कंट्रोल-एस दाबून ठेवा. लॅपटॉपची बॅटरी जुनी असेल आणि तुमच्याकडेही आमच्यासारखीच लाईट जात असेल, तर पीईए १५ वर आलेला असतानाच ती जाते.